ऊब कोणाची?

लष्करातून निघून आग्र्याच्या रस्त्याला लागले आणि मुरैना मागे टाकले, की चंबळेचा पूल येण्याच्या थोडे अलीकडे देवरी नावाचे ठिकाण लागते. तेथे वनखात्याचे सुसरींच्या पिलांचे संगोपन केंद्र आहे. २०२४च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात, शाळेला सुट्टी असताना, आमच्या निसर्ग मंडळातल्या चौदा मुलामुलींना घेऊन मी तेथे गेलो होतो. मुख्याध्यापकाने सहलीला जाऊ नये असा आमच्याकडे अलिखित संकेत आहे. कारण तो बरोबर असला की मुलांना गाणी म्हणता येत नाहीत. पण विज्ञानाच्या बाईंच्या घरी लग्न निघाले आणि मला जावे लागले.

सुसर म्हणजे मगर नव्हे, हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला हवे. मगर तुमच्याकडे कृष्णेत आहे, वारणेत आहे. सुसर लांब, चिमट्यासारख्या निमुळत्या जबड्याची आणि मुख्यतः मासे खाणारी. प्रौढ नराच्या नाकाडावर मडक्यासारखा एक उंचवटा येतो. त्या घड्यावरून हिंदीत तिला घडियाल म्हणतात. मादी मार्च-एप्रिलात नदीकाठच्या उंच वाळूत खड्डा करून साधारण पस्तीस-चाळीस अंडी घालते. मगरींच्या साऱ्या कुळात इतकी मोठी अंडी दुसरीची नाहीत. एकेक दीडशे ग्रॅमच्या आसपास भरते. दोन-अडीच महिने ती वाळूच्या उबेत राहतात आणि पावसाळा सुरू होण्याच्या तोंडावर पिले बाहेर येतात. मग चंबळेला पूर येतो आणि दीडेक वीत लांबीची ती पिले पुराबरोबर जातात. त्याआधी कोल्ही, रानडुकरे आणि घोरपडी अंड्यांचा समाचार घेऊन गेलेल्या असतातच. शंभर पिलांतून एखाद-दुसरे मोठे होते असे म्हणतात.

म्हणून वनखात्याचे लोक दरवर्षी काही घरट्यांतली अंडी काळजीपूर्वक उचलून देवरीला आणतात, तशीच वाळूत पुरतात, उबवतात आणि पिले सुमारे तीन वर्षांची, हातभरापेक्षा चांगली मोठी झाली की नदीत सोडतात. आम्ही गेलो तेव्हा तिथला एक कर्मचारी वाळूवर कान लावून बसला होता. पिलू बाहेर यायचे झाले, की अंड्यातूनच आवाज देते. नदीकाठी तो आवाज ऐकून आई वाळू उकरते. इथे आईच्या जागी खाकी कपड्यातला एक पन्नाशीचा गृहस्थ होता. त्याने दोन्ही हातांनी वाळू बाजूला केली, अंडे फुटले होते, आणि त्यातून एक ओले, पट्ट्यापट्ट्यांचे, भलत्याच लांब नाकाचे बाळ बाहेर आले. मुले गप्प झाली. मुले आपण होऊन गप्प झाली म्हणजे काय, हे शिक्षकालाच कळते.

तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, इनकी माँ से किसी ने पूछा था क्या?”

सगळे हसले. तो कर्मचारीही हसला आणि म्हणाला, “बिटिया, माँ तो घडियाल है.” मीही हसलो. परतीच्या बसमध्ये मुलांनी गाणी म्हटली, मला ऐकू येत होती, पण माझे लक्ष नव्हते. त्या प्रश्नाचे आणि माझे एक जुने देणेघेणे आहे. त्याकडे मी यथावकाश येतो.

आपल्या पूर्वजांनी जीवसृष्टीच्या चार खाणी सांगितल्या: अंडज, जरायुज, स्वेदज आणि उद्भिज्ज. अंड्यातून येणारे, वारेतून येणारे, घामओलीतून येणारे आणि जमीन फोडून येणारे. स्वेदज ही खाण विज्ञानाने बंद केली. उरलेल्या खाणींच्या भिंतीही वाटतात तितक्या पक्क्या नाहीत. नाग अंडी घालतो, पण आपल्या बांधावरची घोणस जिवंत पिले देते. कोकणात जिला मुशी म्हणतात तो लहान शार्क मासा, त्याच्या बऱ्याच जाती पिलेच प्रसवतात. आणि ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडे घालतो आणि त्या अंड्यातून आलेल्या पिलाला दूधही पाजतो. हे १८८४ साली एका तरुण ब्रिटिश संशोधकाने प्रत्यक्ष पाहून तारेने कळवले, तेव्हा कुठे युरोपातल्या पंडितांचा वाद मिटला. अंडे की गर्भ, हा फरक माणसाला वाटतो तेवढा मूलभूत नाही. खरा फरक पुढचा आहे. अंडे घातल्यावर, पिलू झाल्यावर, आई जाते की थांबते?

रोहू मासा एका हंगामात लाखांनी अंडी सोडतो आणि पुढे निघून जातो. आमच्या ग्वाल्हेर जिल्ह्यात घाटीगावला ज्याच्यासाठी १९८१ साली अभयारण्य केले आणि तुमच्या सोलापूरकडे नान्नजला ज्याच्यासाठी लोक दुर्बिणी घेऊन जात, तो माळढोक एका वेळी बहुधा एकच अंडे घालतो, उघड्या जमिनीवर, आणि मादी एकटी ते उबवते. लाखांचा हिशेब आणि एकाचा हिशेब. दोन्हींत निसर्गाला गैर काहीच वाटत नाही. पुष्कळ घालून सोडून द्यायचे, की थोडे घालून जपायचे, हा ज्याच्या त्याच्या परिस्थितीचा ताळेबंद आहे. माळढोकाचा ताळेबंद माणसाने बिघडवला. आता २०१९ पासून राजस्थानात जैसलमेरजवळ त्याचीही अंडी माळावरून उचलून यंत्रात उबवावी लागत आहेत.

मधल्या तऱ्हाही पुष्कळ आहेत. विंचवी अंडी घालत नाही, पिलेच देते, आणि ती पांढुरकी पिले पहिली कात टाकेपर्यंत आईच्या पाठीवर दाटीवाटीने बसून असतात. पिले आईला खाऊन बाहेर येतात अशी आपल्याकडे एक समजूत आहे; ती खोटी. पण विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण मात्र मला त्या दृश्यामुळे दुप्पट आवडते. आमचे लष्कर हे नावच मुळी छावणीचे. दौलतराव शिंद्यांची फौज १८१०च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ देऊन राहिली, तंबूंच्या जागी घरे झाली, आणि पाठीवरचे बिऱ्हाड खाली उतरले ते उतरलेच.

कोकिळेचा विषय निघाला की आपण लगेच न्यायाधीश होतो. कावळ्याच्या घरट्यात अंडे टाकणारी, म्हणून ती लबाड. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत भर दरबारात हाच दाखला देतो: कोकिळा आपली पिले उडू लागेपर्यंत दुसऱ्या पक्ष्यांकडून वाढवून घेतात, स्त्रीजात अशीच उपजत धूर्त. मी हा अंक वाचताना दरवेळी थांबतो. कारण हे तो कोणाला सांगतो आहे? जिला जन्म देऊन मेनका निघून गेली, जिला रानात शकुंत पक्ष्यांनी सांभाळले म्हणून जिचे नाव शकुंतला पडले, आणि जिला कण्वांनी लेक म्हणून वाढवले तिला. परक्या घरट्यातले पिलू तीच आहे. टोमणा आईला मारलेला आहे आणि लागला आहे पिलाला. कालिदासाने हे जाणून केले असणार. परभृत हा शब्द कोकिळेसाठी आपण कौतुकाने वापरतो, पण त्याचा अर्थ फक्त ‘दुसऱ्याने पोसलेला’ एवढाच आहे.

आता कासवी. आमच्या लहानपणी ढोलीबुवांच्या मठात कीर्तनाला जायचा नेम होता. तेथे कासवीचा दृष्टांत वरचेवर येई. कासवी एका तीरावर, पिले दुसऱ्या तीरावर. तिला पान्हा नाही, पंख नाहीत, ती नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते, तशी देवा तुझी कृपादृष्टी असू दे. मराठी संतांचा हा मोठा आवडता दाखला. तंत्रग्रंथांत तर गुरूच्या दीक्षेचे प्रकारच असे सांगितले आहेत: पक्षीण स्पर्शाने वाढवते, मासोळी दृष्टीने, आणि कासवी केवळ चिंतनाने.

पुढे २०१६ साली मार्च महिन्यात आम्ही सहकुटुंब कोकणात वेळासला गेलो. मंडणगड तालुक्यातले हे गाव म्हणजे नाना फडणिसांचे मूळ गाव. आम्ही ग्वाल्हेरकर महादजींच्या पक्षाचे, त्यामुळे थोडे जपूनच गेलो. तेथे समुद्रकासवे वाळूत शंभर-सव्वाशे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी लोक आणि कोल्ही मिळून संपवीत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणाच्या आत हलवतात, पन्नासेक दिवसांनी पिले निघतात आणि ती वाळूवर सोडली जातात. टोपली उचलली आणि ती काळी, बोटभर पिले समुद्राकडे सरसावली. मी इकडेतिकडे पाहिले. कासवी कोठेच नव्हती. ती अंडी घालून त्याच रात्री परत गेली होती. पिलांचे तोंड तिने पाहिलेले नाही आणि पाहणारही नाही. संतांचा दाखला मनातल्या मनात कोसळला, हे कबूल करतो.

मात्र त्यानंतर दोन गोष्टी वाचनात आल्या. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात एक मोठे नदीकासव आहे. संशोधकांनी पाण्यात ध्वनिग्राहक सोडले तेव्हा आढळले, की पिले अंड्यात असल्यापासून आवाज देतात, माद्या नदीत थांबलेल्या असतात, त्याही आवाज देतात, आणि पुढे पिले त्यांच्याबरोबर प्रवासाला निघतात. आपण इतकी वर्षे कासवांना मुके समजत होतो. आणि दुसरी गोष्ट आमच्याच चंबळेची. ज्या प्राण्याच्या नावाने पोरांना भिवविले जाते, ती सुसर पिले सोडून जात नाही. अनेक माद्यांची शेकडो पिले एका उथळ जागी गोळा होतात आणि मोठ्या सुसरी त्यांची राखण करतात. नरसुद्धा करतो. नाकावर घडा असलेला भला मोठा नर पाण्यात स्थिर आहे आणि त्याच्या पाठीवर, मानेवर, डोक्यावर पिलांची खच्चून दाटी झाली आहे, असे चंबळेतले एक छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. ती सगळी त्याचीच आहेत की नाहीत, हे त्याने तपासलेले नसते.

म्हणजे देवरीच्या वाळूतून जे पिलू निघाले, त्याला नदीवर राखणारी आई होती. त्या मुलीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

मी तत्त्वज्ञान घेऊन बहिःस्थ एम. ए. केले. परीक्षेपुरते जे काही वाचले त्यातले बरेचसे विसरलो, पण डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात दिलेला एक इशारा विसरलो नाही: ‘असे आहे’ या वाक्यावरून ‘असे असावे’ या वाक्यावर नकळत उडी मारू नये. कोकिळा सोडते म्हणून माणसाने सोडावे, सुसर राखते म्हणून माणसाने राखावे, यांतले काहीच सिद्ध होत नाही. मग या प्राण्यांकडे मी का पाहतो? एवढ्यासाठी, की आपले शब्दच तेथून आले आहेत. घरटे, ऊब, पंखाखाली घेणे, पिलू उडून जाणे. आपण आपल्या नात्यांविषयी बोलतो ते पक्ष्यांच्या भाषेत, आणि मग त्या भाषेत जे बसत नाही ते आपल्याला अनैतिक वाटू लागते.

आता ते जुने देणेघेणे.

माझा जन्म १९६९ साली खानापूर तालुक्यात, मलप्रभेपासून चार-पाच मैलांवरच्या एका खेड्यात झाला. पाच भावंडांत मी चौथा. वडिलांचे थोरले भाऊ नोकरीनिमित्त ग्वाल्हेरला होते, ए. जी. ऑफिसात. त्यांना मूल नव्हते. १९७४ साली ते सपत्नीक गावी आले, चार दिवस राहिले आणि जाताना मला घेऊन गेले. मी पाच वर्षांचा होतो. दत्तकविधान रीतसर झाले, नारळ फुटला, मला जरीची टोपी मिळाली. मग गाड्या बदलत बदलत तीन दिवसांनी लष्कर.

त्या दिवसापासून नात्यांच्या शब्दांची अदलाबदल झाली. मोठी काकू होती ती आई झाली. आई होती ती काकू झाली. सख्खे भाऊ चुलत झाले. लहान मुलाला शब्द बदलायला वेळ लागत नाही. मला वाटते, एका दिवाळीत झाले सगळे. घराबाहेर हिंदी होती, घरात मराठी. त्यात बेळगावकडचे जे दोन-चार कानडी शब्द तोंडात बसले होते ते गळाले.

माझे हाल झाले असे लिहिले तर तो अन्याय होईल. ज्या आईने मला वाढवले तिने मला पोटच्यासारखे वाढवले. ‘पोटच्यासारखे’ हा शब्दसुद्धा मला खटकतो, ‘सारखे’ कशाला? मला गोवर आला तेव्हा ती अकरा रात्री जागली, याला दुसरा कोणताही शब्द लागत नाही. माझे शिक्षण, नोकरी, या घराचे छप्पर, सगळे त्या दोघांचे. खानापूरच्या भावांपैकी दोघांना शाळा अर्ध्यावर सोडावी लागली. हिशेब मांडला तर मी नफ्यात आहे. आणि तरीही चाळीस वर्षे माझ्या मनात एक अढी होती, की पाचांतून मलाच का दिले.

माझ्या मुंजीला, १९७७ साली, काकू गावाहून आली होती. मांडवात मातृभोजनाला आई माझ्याबरोबर बसली. ते योग्यच होते. काकू मागे बायकांत होती. रात्री मी झोपलो आहे असे समजून ती आईला विचारत होती, “हा खातो काय? भात खातो की पोळी?” आई म्हणाली, “पोळी. इकडे पोळीच जास्त.” काकू म्हणाली, “पचते ना?” एवढेच. पुढे कित्येक वर्षे मला या संभाषणाचा रागच होता. मुलगा देऊन टाकला आणि विचारायचे काय, तर पोळी पचते का!

लष्करात राहणाऱ्याला दत्तकाचा इतिहास चुकवता येत नाही. दौलतराव शिंदे १८२७ साली निपुत्रिक गेले. बायजाबाईंनी एक मुलगा दत्तक घेतला, तो जनकोजीराव. ते १८४३ साली निपुत्रिक गेले. तेव्हा त्यांच्या विधवा ताराबाईंनी, ज्या स्वतःच अजून पोर होत्या, आठेक वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. भगीरथरावाचा जयाजीराव झाला. जयविलास राजवाडा त्यांनी बांधला, जयारोग्य रुग्णालय त्यांच्या नावाचे. त्या आठ वर्षांच्या भगीरथाला जन्म देणाऱ्या बाईचे नाव आमच्याकडे किती जणांना सांगता येईल? मी शाळेत इतिहासाच्या शिक्षकांना विचारून पाहिले. कोणी सांगू शकले नाही, आणि मलाही येत नव्हते. फुलबागेतल्या समाधीवर आम्ही दरवर्षी मुलांना नेतो. राणी लक्ष्मीबाईंनी गंगाधररावांच्या मृत्यूच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, आनंदराव नावाचा मुलगा मांडीवर घेतला, त्याचा दामोदरराव झाला. कंपनी सरकारने ते दत्तक नामंजूर करून १८५४ साली झाशी खालसा केली. चित्रांत राणीच्या पाठीशी बांधलेले मूल असते ते हे. राणी ग्वाल्हेरला पडल्या तेव्हा तो अजून लहानच होता. १९०६ साली इंदुरात तो वारला. त्या मुलाला कोणती आई आठवत असेल, की पाठ आठवत असेल?

शास्त्रकारांनी नियम पुष्कळ केले. एकुलता एक मुलगा देऊ नये, घेऊ नये, असे वसिष्ठांच्या नावावर आहे. १९५६च्या कायद्याने तर काटेकोर रेघ ओढली: दत्तक दिल्या दिवसापासून मूल दत्तक घराचे, जन्मघराशी संबंध संपला, आणि एकदा झालेले दत्तक कोणालाही मोडता येत नाही, मुलालाही परत जाता येत नाही. लग्नापुरते मात्र जुने रक्त आठवावे, तेथे निषिद्ध नाती कायम! त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे. मुलगा देण्याचा अधिकार त्या काळी बापाचा होता. आईला तो बरोबरीने मिळायला २०१० साल उजाडले. पण १९५६ सालीसुद्धा अट होती, की आईच्या संमतीवाचून बापाने मूल देऊ नये. देवरीहून परतल्यावर मी हे कलम पुन्हा काढून वाचले. नववीतल्या मुलीने जे विचारले ते संसदेने अडुसष्ट वर्षांपूर्वी विचारून ठेवले होते. सुसरीला नव्हे, माणसाच्या आईला.

सुसरींच्या बाबतीत मनुष्यजातीची बाजूही मांडली पाहिजे. १९७४-७५च्या सुमारास देशात मोठ्या सुसरी दोनशेच्या आत उरल्या होत्या. मारायला आपण होतो, म्हणून वाचवायलाही आपणच हवे होतो. तेव्हा आईला विचारत बसायची वेळ नव्हती. अंडी उचलली, हजारो पिले वाढवून सोडली. पण पुढचा आकडा शिकवणारा आहे. १९९७ साली प्रौढ सुसरी चारशे छत्तीस मोजल्या गेल्या आणि २००६ साली एकशे ब्याऐंशी. म्हणजे पिले सोडत असतानाच संख्या निम्म्याहून खाली आली, कारण ज्या नदीत सोडायची तिची वाळू ट्रॅक्टर भरून चालली होती, पाणी अडवले जात होते, जाळी लागत होती. त्यावर २००७-०८च्या हिवाळ्यात शंभरावर सुसरी चंबळेत मूत्रपिंडे निकामी होऊन मेल्या. त्यानंतर नदीकडे लक्ष गेले, घरटी जागच्या जागी राखायलाही सुरुवात झाली, आणि अलीकडच्या गणनांत चंबळेत लहानमोठ्या मिळून दोन हजारांवर सुसरी दिसू लागल्या आहेत. वाळूचे ट्रॅक्टर मात्र थांबले आहेत असे मुरैन्याचा कोणीही माणूस तुम्हांला सांगणार नाही.

तेव्हा उचलणे चूक की बरोबर, याचे उत्तर निव्वळ उचलण्यात नाही. कोठून उचलले, का उचलण्याची वेळ आली आणि परत जायला नदी ठेवली का, हे तीन प्रश्न त्यात आहेत. माझ्या बाबतीत वेळ का आली होती, ते मला ठाऊक आहे: दोन एकर कोरडवाहू आणि पाच तोंडे. परत जायची नदी मात्र कोणी बंद केली नव्हती. ती मीच वापरली नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-सहा वर्षांनी एकदा गेलो, पाहुण्यासारखा राहिलो, पाहुण्यासारखा निघालो. माझे भाऊ तिला ‘ए आई’ म्हणतात, मी ‘काकू, तुम्ही’ म्हणतो.

वाढवलेल्या आईला जाऊन नऊ वर्षे झाली. काकू आहे, ऐंशी उलटली, डोळ्याने कमी दिसते, कानाने ठीक आहे. देवरीहून आल्यानंतर दुसऱ्या रविवारी मी तिला फोन केला. सणावारी करतो तसा नाही, उगाचच. आधी पावसाचे बोलणे झाले. मग मी तिला सुसरींची हकीकत सांगितली, ती वाळूवर कान लावून बसलेल्या माणसाची, आणि त्या मुलीच्या प्रश्नाचीही. ती ऐकत होती. मग पन्नास वर्षांत न विचारलेले मी विचारले.

“काकू, तुम्हांला विचारलं होतं का?”

थोडा वेळ काही आवाज आला नाही. मला वाटले, लाइन गेली.

“सही घेतली होती,” ती म्हणाली. “विचारलं नव्हतं. मामंजींनी ठरवलं, ह्यांनी कागद आणला, मी सही केली.”

मी काय बोलावे ते मला सुचेना. काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, “विचारायला पाहिजे होतं.”

“नको रे,” ती म्हणाली. “विचारलं असतं तर मला काहीतरी सांगावं लागलं असतं. हो म्हटलं असतं तर ते माझ्या डोक्यावर राहिलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तर तू इथं गुरं राखली असतीस, ते राहिलं असतं. त्यांनी ठरवलं ते बरं केलं. मला नुसतं रडता आलं.”

संमती ही नेहमी सन्मानच असते असे मी वर्गात शिकवत आलो आहे. पुस्तकातही तसेच आहे, आणि मी ते उद्याही तसेच शिकवीन. कारण ज्या बायकांना कोणीच काही विचारले नाही त्यांची संख्या कमी नाही. पण ज्याला दोनच दारे आहेत आणि दोन्हींच्या पलीकडे खड्डा आहे, त्याला ‘कोणते दार?’ म्हणून विचारणे हा सन्मान की आपल्या पापात वाटा देणे, हे मला त्या रविवारपर्यंत सुचले नव्हते. तिच्या बोलण्यात मला समजूत दिसली, आणि ती खरीच असेल असेही नाही. पन्नास वर्षे एखादी गोष्ट जवळ ठेवायची तर माणूस तिला हळूहळू धरता येईल असा आकार देतो. मी दिलाच आहे की, रागाचा.

शाळा सुरू झाल्यावर मी त्या मुलीला बोलावून सांगितले, की तुझा प्रश्न बरोबर होता आणि हसलो ते चुकले. तिला प्रश्न आठवायलाच थोडा वेळ लागला.

त्या रविवारी फोन ठेवण्याआधी काकूने विचारले होते, “त्या पिल्लांना तिथं खायला काय घालतात?”

“लहान मासे,” मी म्हणालो.

“मेलेले की जिते?”

“जिते. टाक्यात सोडतात.”

“मग बरं,” ती म्हणाली. “पकडायला येईल त्यांना.”